हार्ट पेशंटला नुसतं झोपवून ठेवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. तुमच्या आरोग्य पुरवणीत हार्टसाठी तेल, मीठ, गोळ्या सगळं येतं पण पायांच्या स्नायूंबद्दल एक ओळ नसते, म्हणून लिहितेय.

माझ्या बाबांचं हार्टचं पंपिंग कमी आहे. मागच्या वर्षी हॉस्पिटलमधून घरी सोडलं तेव्हा कागदावर गोळ्या आणि दिवसाला पाणी किती एवढंच होतं, चालण्याबद्दल काहीच नाही. मग काय, भेटायला येणारा प्रत्येकजण "अण्णा, अजिबात हलू नका" म्हणायचा आणि आम्हीही ताट पलंगावर द्यायचो. तीन महिन्यांत पोटऱ्या पार उतरल्या, लेंगा ढगळ झाला, बाथरूमपर्यंत जाऊन आले तरी धाप. हार्ट अजून बिघडलं म्हणून घाबरून इको (हार्टची सोनोग्राफी) काढला तर पंपिंगचा आकडा होता तेवढाच!

मग फिजिओथेरपीवाल्या ताईंनी समजावलं. स्नायूंमध्ये बारीक मज्जातंतू असतात, त्यांतले काही तंतू स्नायू आवळला-ताणला की सिग्नल देतात तर काही कामामुळे स्नायूच्या आत ॲसिडसारखी द्रव्यं साठली की, आणि हे सिग्नल मेंदूच्या खालच्या भागात पोचले की तिथून हार्टचे ठोके न् बीपी वाढवायचा हुकूम सुटतो. 1937 मध्ये आलम आणि स्मर्क या दोन संशोधकांनी हे माणसांवरच दाखवलं होतं, पायाला पट्टा आवळून रक्त अडवलं आणि पोटरीचा व्यायाम करायला लावला, व्यायाम थांबला तरी बीपी चढलेलंच, पट्टा सोडला तेव्हा कुठे उतरलं. हार्ट वीक असलेल्यांचे स्नायू वाळले की थोड्याशा कामातही हे सिग्नल जास्तच जोरात जातात, रक्तवाहिन्या आवळतात, श्वासही वाढतो. बाबांची धाप निम्मी पायांतूनच येत होती असं मला आता वाटतं.

आणि भरलेली बादली घट्ट धरून उभं राहणं हे सावकाश चालण्यासारखं नाही हो, स्नायू आवळून ठेवला की बीपी झपकन वर जातं, त्यात श्वास रोखला तर आणखीनच. बाबा नेमकं तेच करायचे, चालायचे नाहीत पण बादली उचलायचे.

आता डॉक्टरांना विचारून रोज सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारतात, खुर्चीवरून दहा वेळा उठबस करतात, आणि परवा जिना न थांबता चढले. पुरवणीत एखाद्या हार्टच्या डॉक्टरांकडून आणि फिजिओथेरपिस्टकडून यावर सविस्तर लिहून घ्या ना, घरी सोडताना कागदावर जे मिळत नाही ते निदान पेपरात तरी मिळू दे.

आपली,
एक वाचक, सातारा