चार सुती पाना

मिस्त्रीचाचा,

सलाम. तुमचा चार सुती पाना माझ्याकडेच राहिलाय. परवा डिकी झाडताना स्टेपनीखाली सापडला, दांड्यावर तुम्ही गुंडाळलेल्या सायकलच्या ट्यूबसकट. एवढे दिवस तुम्ही तो शोधला असणार आणि हाताखालच्या पोरांना शिव्या घातल्या असणार. पोरांचा काही दोष नाही. पाना आणतेच, पण त्याआधी हे पत्र. समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "चाय सांगतो" म्हणून उठता आणि माझं बोलणं राहून जातं. म्हणून चारचौघांत लिहितेय. नातू वाचून दाखवेल.

ही जुनी हेरल्ड गाडी मला का हवी होती, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. बाकी सगळ्यांनी विचारलं. तर ऐका. माझे वडील रेल्वेत, आम्ही मिरजेच्या रेल्वे कॉलनीत राहायचो. १९७१ च्या सुमाराची गोष्ट, मी नऊ-दहा वर्षांची. आजीला तपासायला येणाऱ्या डॉक्टरांकडे फिकट निळी स्टँडर्ड हेरल्ड होती. तेव्हा गाडी म्हणजे अँबेसेडर नाहीतर फियाट, दोन्ही चांगल्या खात्यापित्या घरच्या. त्यांच्यात ही सडपातळ, मागे दोन छोटे पंख काढलेली. एकदा ती आमच्या दारातच बंद पडली. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंच्या कड्या सोडल्या आणि गाडीचं अख्खं नाक, दिवे-मडगार्डांसकट, पुढे उलटवलं. मग कोट काढून आजीच्या खाटेवर टाकला, पुढच्या चाकावर स्टुलावर बसावं तसे बसले आणि इंजिनात हात घातला. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. ते तोंड बहुधा पुढची ४९ वर्षं तसंच होतं.

जाणकार म्हणतील, हेरल्ड ही काही स्पोर्ट्स गाडी नव्हे. बरोबर आहे. ९४८ सीसीचं इंजिन, घाटात दम लागतो. पण तिचं रूप इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्तीने काढलेलं. इंग्लंडात ती ट्रायम्फ कंपनीने १९५९ साली आणली आणि १९६१ पासून आपल्याकडे मद्रासची स्टँडर्ड कंपनी ती बनवू लागली. याच सांगाड्याची लांबी कमी करून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर काढली, दोन सीटची, उघडी, अस्सल स्पोर्ट्स. तिचं रूपही मिकेलोत्तीचंच. स्पिटफायर माझ्या पेन्शनीत बसणारी नव्हती. तिची थोरली बहीण बसली.

तीही सहजासहजी नाही. टेलिफोन खात्यात ३६ वर्षं काढली. जत, आटपाडीच्या गावागावांत १२८ लाइनची सी-डॉट बनावटीची टेलिफोन एक्स्चेंज बसवताना पाहिली, पुढे खात्याची बीएसएनएल झाली, आणि ३१ जानेवारी २०२० ला देशभरातले ७८ हजारांवर लोक एकाच दिवशी व्हीआरएस घेऊन घरी गेले, त्यातली मी एक. यजमान म्हणाले, एफडी कर. मुलगा म्हणाला, आई, इलेक्ट्रिक स्कूटर घे. मी कोरेगावच्या पुढे एका वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली असलेली, दोन दारांची, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली हेरल्ड घेतली. सव्वा लाखाला. कोंबडी मालकाने काढून घेतली. टेम्पोवर घालून पेठ नाक्यावरून सांगलीला आणली. त्या रस्त्याच्या खड्ड्यांनी जे काय ढिलं व्हायचं राहिलं होतं तेही झालं. पाच दिवसांनी लॉकडाऊन लागला.

मधलं एक वर्ष मी तुम्हाला फार सांगितलेलं नाही, कारण लाज वाटते. एका मोठ्या शहरातल्या गॅरेजवाल्याने ॲडव्हान्स घेतला, सात महिने गाडी ठेवली आणि चकचकीत लाल रंग मारून परत दिली. तुमच्याकडे आणली त्या दिवशी तुम्ही खिशातून लोहचुंबक काढलंत आणि दारावरून फिरवलंत. ते कुठेच चिकटेना. बोटभर जाड लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. उंबऱ्याच्या पत्र्यावर तुम्ही स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. मला रडू फुटणार होतं. तुम्ही म्हणालात, "पत्रा गेला तर जाऊ दे. चेसीस बघू." आणि खाली शिरलात. या गाडीची हीच तर खुबी. ट्रायम्फला तेव्हा अख्खी बॉडी एका ठोक्यात दाबून देणारा कारखाना मिळेना, म्हणून त्यांनी ती तुकड्या-तुकड्यांत करून वेगळ्या चेसीसवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बोल्टांनी बसवली. त्यांची अडचण साठ वर्षांनी आपल्या कामाला आली. दहा मिनिटांनी बाहेर येऊन तुम्ही म्हणालात, "मधला कणा शाबूत हाय. बाजूचे हात सडलेत, ते नवे करू. पण ताई, गाडी ठेवून जायची न्हाई. रोज यायचं."

त्या वाक्याबद्दल हे पत्र आहे, चाचा.

त्याआधी मी जिथे जिथे गेले तिथे मला खुर्ची मिळाली. पुसून दिलेली खुर्ची, थंडा, आणि "मॅडम, तुम्ही कशाला हात घाण करता." तुमच्याकडे पहिल्याच दिवशी रॉकेलचं घमेलं आणि ब्रश मिळाला. आठवडाभर मी नुसते नटबोल्ट धुतले आणि जाड पुठ्ठ्यावर भोकं पाडून जिथले तिथे खोचून ठेवले. मग एकदा मी बॉनेटच्या बिजागरीचा नट १३ च्या पान्याने सोडवत होते, तेव्हा तुम्ही माझा हात धरून थांबवलात. म्हणालात, बसतो म्हणून तो त्याचा पाना होत न्हाई. ही इंचाची गाडी. नट अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटर. १३ चा पाना बसतो, पण केसभर ढिला. नट गंजलेला असला आणि जोर लावला की त्याचे कान जातात आणि मग छिन्नी घेऊन बसावं लागतं. तुम्ही पेटीतून चार सुती काढून हातात दिलात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मी शाळेत शिकले होते. हाताला कळलं ते त्या दिवशी. तो पाना तेव्हापासून जो माझ्याकडे राहिला, तो हा.

आणि तो शुक्रवार. तुम्ही नमाजाला गेला होतात. पुढच्या चाकांच्या खाली पितळी ठोकळे असतात, ट्रनियन. चाक ज्या उभ्या दांड्यावर असतं त्याचं आट्यांचं टोक या ठोकळ्यात फिरतं, स्टिअरिंग वळवलं की आटे आत सरकतात. मी मोठ्या हुशारीने ग्रीसगन घेतली आणि दोन्ही बाजूंना ओसंडेपर्यंत ग्रीस भरलं. तुम्ही आलात, पाहिलंत, टोपी खिशात घातलीत आणि एक अक्षर न बोलता दोन्ही बाजू परत खोलल्यात. पेट्रोलने धुतल्यात. मग माझ्याकडे वळलात. इतकं मला खात्यात कुठल्या डीईने, म्हणजे डिव्हिजनल इंजिनिअरने, झापलं नव्हतं. ग्रीस वाळतं, त्याचा दगड होतो, आत पाणी शिरतं, लोखंडाचे आटे गंजतात आणि एक दिवस चालत्या गाडीचं चाक आडवं होतं. इथे तेलच पाहिजे, नव्वद नंबरचं गिअर ऑइल. "पुस्तकात लिवलंय. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही वाचायला पायजे हुतं. मला कुठं इंग्रजी येतं?" मग तुम्हाला कसं माहीत, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. नंतर तुमच्या पोराने सांगितलं, तरुणपणी एका हेरल्डचं चाक तुमच्या डोळ्यांसमोर असंच मोडलं होतं.

मी ५९ वर्षांची, निवृत्त ज्युनिअर टेलिकॉम ऑफिसर, तिथे घमेल्याशेजारी उभी राहून बोलणी खात होते आणि आत कुठेतरी फार बरं वाटत होतं. ज्याच्याकडून कामाची अपेक्षा असते त्यालाच माणूस असा झापतो.

इंजिनाची कथा थोडक्यात. पिस्टन जाम. रॉकेल आणि ऑइल ओतून तुम्ही सोळा दिवस नुसतं ठेवलंत, रोज सकाळी फ्लायव्हीलला एक हलका धक्का, बस्स. सतराव्या दिवशी ते सुताएवढं हललं आणि तुम्ही शेजारच्या वेल्डरलाही चहा पाजलात. ब्लॉक कोल्हापूरला उद्यमनगरात बोअर करून आणला. ट्रनियन आणि रबरी बुश इंग्लंडहून टपालाने आले. जुन्या ट्रायम्फचे भाग तिकडे अजून मिळतात, आपल्याकडे मात्र स्टँडर्ड कंपनीचं नावही पोरांना माहीत नाही.

वायरिंगचं काम मी स्वतःहून मागून घेतलं होतं. तिथे तुम्ही शागीर्द होतात, कबूल करा. आमच्या केबलचे रंग निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, हे मला झोपेत विचारलं तरी येतं. या गाडीची भाषा वेगळी. तपकिरी म्हणजे बॅटरीचा थेट करंट, पांढरा इग्निशनचा, निळा मोठ्या दिव्यांचा, लाल पार्किंगचा, काळा अर्थ. प्लायवूडच्या फळीवर खिळे ठोकून मी सगळा मार्ग आखला, तारा ओढल्या आणि जुन्या एक्स्चेंजमध्ये बांधायचो तसा मेणाच्या दोऱ्याने दर बोटभर अंतरावर फास देत अख्खा फॉर्म, म्हणजे तारांचा जुडगा, बांधला. टेपची एक पट्टी नाही. तुम्ही तो हातावर घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिलात आणि म्हणालात, "ही गाठ मला दाखवा." चाचा, ३६ वर्षांत मला बरीच प्रशस्तिपत्रं मिळाली. कुठे ठेवलीत ते आठवत नाही.

आता ते, ज्याबद्दल तुम्ही बोलू देत नाही. जुलै २०२१. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तुमच्या शंभर फुटी रस्त्याच्या बाजूला तेव्हा काय झालं ते तुम्हीच भोगलंय. या वेळी पुन्हा पाणी चढू लागलं. त्या रात्री साडेदहाला माझ्या विश्रामबागेतल्या घरासमोर छोटा हत्ती थांबला. त्यात माझं इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही दारं, आणि पुठ्ठ्यावर खोचलेले सगळे नटबोल्ट. चेसीस दुसऱ्या खेपेला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. तुम्ही म्हणालात, "आता माझं सोताचं थोडं हाय, ते नेतो." पाणी ५० फुटांच्या वर गेलं. ओसरल्यावर मी शेडमध्ये आले तेव्हा चिखलात तुमचा कंप्रेसर आणि वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर पडला होता. तिसरी खेप झालीच नव्हती. "ते माझं हुतं, माझं मी बघतो. तुमचं लोकाचं हुतं," एवढंच म्हणालात आणि पाइप घेऊन फरशी धुवायला लागलात. कंप्रेसरचे पैसे तुम्ही माझ्याकडून अजून घेतलेले नाहीत. वर बिलात माझ्या हजेरीचे म्हणून तीन हजार वजा केलेत! ते बिल मी फ्रेम करून लावलंय, प्रशस्तिपत्रांसारखं हरवणार नाही.

कागदपत्रांचं लिहीत नाही. जुन्या मालकाच्या चार वारसांच्या सह्या गोळा करण्यावर वेगळी पोथी होईल.

जानेवारीतली ती सकाळ मात्र लिहिते. रंग झाला होता, फिकट निळा, डॉक्टरांच्या गाडीचा. छताचे बोल्ट अजून लावायचे होते. मी म्हटलं, छत न लावताच एक चक्कर मारू. तुम्ही आधी नाही म्हणालात, मग मफलर शोधायला गेलात. तासगावच्या रस्त्याला लागलो, दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा, वारा सरळ तोंडावर. पहिला गिअर चालत्या गाडीत टाकायचा नाही हे मी दोनदा विसरले आणि तुम्ही दोनदा कपाळाला हात लावलात. गणपतीच्या गोपुरासमोर मी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि गाडी २५ फूट व्यासाच्या घेरात, रिक्षावाल्याच्या नाकासमोर, एका दमात उलटी वळली. रिक्षावाला म्हणाला, "आजी, कुठली गाडी वो ही?" तुम्ही माझ्याआधी उत्तर दिलंत. "स्पोर्ट हाय. बाईंनी सोता बांधलीया."

बाईंनी एकटीने बांधलेली नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुम्ही बेदाणे घ्यायला उतरला होतात आणि मलाही ते ऐकायला बरं वाटत होतं.

रविवारी अकराला येते. ट्रनियनमध्ये तेल भरायची वेळ झालीये. नव्वद नंबरचं घेऊन येते आणि मीच भरीन, तुम्ही चाकाशेजारी बसून नुसतं बघा. पानाही आणते. परत द्यायचा की नाही ते चहा झाल्यावर ठरवू.

तुमची,
हेरल्डवाली ताई
विश्रामबाग, सांगली