मोजला तो वेग डिस्कचा नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या घाटंजी तालुक्यातील एका पतसंस्थेने नव्या सर्व्हरसाठी दरपत्रके मागवली आणि, मी संगणक शिकवतो एवढ्याच कारणाने, ती तपासण्याचे काम माझ्याकडे आले. त्यांतील एका दरपत्रकाला डिस्कच्या वेगाचा चाचणी-अहवाल जोडलेला होता. यंत्रात साटा या नेहमीच्या जोडणीच्या दोन साध्या हार्ड डिस्क, त्यांवर तीन व्हर्च्युअल मशीन (म्हणजे एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र संगणक), आणि त्यांपैकी एका मशीनच्या आत घेतलेल्या चाचणीत वाचनाचा वेग सेकंदाला ३००० मेगाबाइटच्या वर, असे त्यात छापले होते. संचालकांना तो आकडा फार आवडला. मला मात्र अहवालाची पाने पुन्हा चाळावी लागली, कारण साटाच्या तिसऱ्या पिढीची जोडणीच मुळी सेकंदाला सुमारे ६०० मेगाबाइटच्या पलीकडे जात नाही, आणि मिनिटाला ७२०० फेरे घेणारी चकती सलग वाचनातही बहुधा त्याच्या निम्म्याच्या आतच राहते. दोन्ही डिस्कचा वेग एकत्र धरला, तरी ३००० चा हिशेब लागत नाही.

पुरवठादाराने आकडा खोटा छापला, असे माझे म्हणणे नाही. आकडा खराच असावा. तो डिस्कचा नाही, इतकेच. तो आहे होस्टच्या, म्हणजे ज्या मूळ यंत्रावर ही व्हर्च्युअल मशीन चालतात त्याच्या, रॅमचा. ऑपरेटिंग सिस्टीम एकदा वाचलेली माहिती मोकळ्या रॅममध्ये राखून ठेवते आणि तीच पुन्हा मागितली की डिस्ककडे न जाता तेथूनच देते. या साठ्याला कॅशे म्हणतात. (पतसंस्थेच्या बैठकीत हा शब्द जपून वापरावा लागतो, ‘कॅशेमुळे आकडे फुगले आहेत’ असे मी म्हणालो, तेव्हा रोखपाल दचकून माझ्याकडे पाहू लागले.) साध्या संगणकात हा साठा एका ऑपरेटिंग सिस्टीमच्या ताब्यात असतो. व्हर्च्युअल मशीनच्या बाबतीत एक साठा गेस्टच्या, म्हणजे त्या व्हर्च्युअल मशीनच्या, आत आणि दुसरा होस्टवर, असे दोन असू शकतात, आणि गेस्टमधून पाहणाऱ्याला दुसरा दिसत नाही. क्रिस्टलडिस्कमार्कसारखी डिस्कच्या वेगाची साधने गेस्टचा कॅशे टाळूनच मोजतात, त्यामुळे आपण थेट डिस्क मोजली असे चाचणी घेणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटते. प्रत्यक्षात गेस्टची डिस्क ही बहुधा होस्टवरची एक मोठी फाइल असते, आणि १ गिगाबाइटची चाचणी-फाइल ३२ गिगाबाइट रॅमच्या होस्टमध्ये कोठल्या कोठे सामावून जाते. गेस्ट बंद करून पुन्हा सुरू केला, तरी होस्टकडील साठा तसाच राहू शकतो. आणि लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गेस्टमध्ये कॅशे रिकामा करण्याची आज्ञा दिली, तरी रिकामा होतो तो गेस्टचाच.

लेखनाची गोष्ट याहून काळजीची आहे. दिवाळीनंतर जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. काटा झाला, गाडी आवारात रिकामी झाली, पावती हातात पडली, की शेतकरी घरी निघतो; पण कापूस अजून गंजीत उघड्यावरच असतो आणि यंत्रे तो आपल्या गतीने ओढणार असतात. गाड्या किती झपाट्याने रिकाम्या झाल्या यावरून जिनचा वेग कोणी सांगत नाही. होस्टचा कॅशे चालू असताना लेखनाचे नेमके हेच होते: माहिती रॅममध्ये पोचताच ‘लिहिले’ अशी पोच मिळते आणि चकतीवर ती मागाहून उतरते, लिनक्सच्या मूळ मांडणीत ती ३० सेकंदांपर्यंत सहज रॅममध्येच राहू शकते. आमच्याकडे वीज जाण्याला ३० सेकंद पुष्कळ झाले, आणि यूपीएसची बॅटरी कोणत्या दिवशी दगा देईल याचा नेम नसतो.

म्हणूनच हिशेबाचा डेटाबेस प्रत्येक व्यवहारानंतर ‘आधी डिस्कवर उतरव, मगच पोच दे’ अशी आज्ञा देतो. तिला फ्लश म्हणतात. ही आज्ञा खालपर्यंत पोचते की नाही, हे व्हर्च्युअल डिस्कच्या मांडणीवर ठरते. केव्हीएम या, लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या, प्रणालीत ‘नन’ हा पर्याय होस्टचा कॅशे वगळतो, ‘रायटबॅक’ तो वापरतो पण फ्लश पाळतो, आणि ‘अनसेफ’ फ्लशकडे सरळ दुर्लक्ष करतो. व्हर्च्युअलबॉक्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही होस्टचा कॅशे वापरण्याची खूण वेगळी असते. अहवालात यांपैकी काहीच लिहिलेले नव्हते. यावर चकतीचे साधे गणित मात्र उपयोगी पडते. मिनिटाला ७२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे. एकामागून एक छोट्या नोंदी करायच्या आणि प्रत्येकीनंतर फ्लश द्यायचा, तर एका डिस्कवर सेकंदाला साधारण १२० च्या वर नोंदी होऊ नयेत. अशा चाचणीत हजारोंचा आकडा दिसला आणि यंत्रात बॅटरीचे पाठबळ असलेला रेड कंट्रोलर (वीज गेली तरी नोंदी राखून ठेवणारे, डिस्क सांभाळणारे कार्ड) नसेल, तर फ्लश वाटेत कोणीतरी गिळतो आहे असे समजावे. पतसंस्थेला सेकंदाला किती मेगाबाइट याच्याशी फारसे कर्तव्य नाही. खिडकीवरची प्रत्येक नोंद खरोखर उतरली का, याच्याशी आहे.

आणखी एक खोड सांगतो. जागा लागेल तशी वाढत जाणाऱ्या व्हर्च्युअल डिस्कच्या ज्या भागावर कधीच काही लिहिलेले नाही, तो वाचायला सांगितला, तर होस्ट डिस्कला हातही न लावता शून्ये परत देतो. रिकाम्या नव्या डिस्कवर घेतलेली वाचनाची चाचणी त्यामुळे जवळजवळ निरर्थक ठरते.

कॅशे ही वाईट गोष्ट नव्हे. रोजच्या कामात तीच ती खाती पुन्हा पुन्हा उघडली जातात आणि तेथे त्याचा खरा फायदा होतो. पण चाचणीच्या वेळी बाकीची दोन मशीन बंद ठेवून एकट्या तिसऱ्याला होस्टची सगळी मोकळी रॅम मिळाली असेल, तर तो फायदा महिनाअखेरीस, तिन्ही मशीन कामात असताना, तसाच मिळणार नाही.

मी पतसंस्थेला नवी चाचणी मागायला सांगितली आहे: चाचणी-फाइल होस्टच्या एकूण रॅमच्या दुप्पट, तिच्यात शून्यांऐवजी सरमिसळ माहिती, तिन्ही मशीन चालू, आणि लेखन मोजताना प्रत्येक नोंदीनंतर फ्लश. वेळ जास्त लागेल आणि आकडा पुष्कळ खाली येईल, याची संचालकांना आधीच कल्पना दिली आहे. आपल्या दैनिकात संगणक खरेदीच्या निविदा छापून येतात. त्या काढणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की, डिस्कच्या वेगाची अट घालताना तो वेग गेस्टमध्ये मोजायचा की होस्टवर, कॅशेच्या कोणत्या मांडणीत आणि केवढ्या फाइलवर, हेही त्याच अटीत लिहावे.

आपला,
एक संगणक शिक्षक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ