प्रत्येक धाप म्हणजे दमा नव्हे

संपादक साहेब,
आमची पुतणी पळायला लागली की घसा आवळतो, श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येतो, सगळे म्हणाले दमा, पंप सुरू झाला पण फरक शून्य. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्रास चालू असतानाच नाकातून दुर्बीण घालून बघितलं तेव्हा कळलं, श्वास घेताना उघडायचे ते स्वरतंतूच मिटतात. अ‍ॅसिडिटी, अगरबत्तीचा धूर, परफ्यूम, टेन्शन, कशानेही सुरू होऊ शकतं. स्पीच थेरपिस्टने हुंगल्यासारखा छोटा श्वास घेऊन ओठांचा चंबू करून सावकाश सोडायला शिकवलंय, त्याने खरंच सुटतं. पंप मात्र मनाने बंद करू नका, दोन्ही आजार एकत्रही असतात. आणि पीटीच्या सरांनो, "नाटक करतेय" म्हणू नका हो, पोर खरंच गुदमरत असते.
– एक काकू, सातारा