पहिल्याच दिवशी बंगळुरू कशाला?

महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून मोटारीने कन्याकुमारीला निघणारे अनेकजण पहिल्याच दिवशी बंगळुरू गाठायचा हट्ट धरतात. सुमारे ८४० किलोमीटर! शेवटचा टप्पा अंधारात, पेंगुळल्या डोळ्यांनी आणि तुमकुरूपासून वाढत जाणाऱ्या गर्दीत कापावा लागतो. त्यापेक्षा पहिला मुक्काम हुबळी-धारवाडला करावा. अंतर जेमतेम निम्मे, शिवाय मुक्कामी उजेडात पोचता येते.

दुसऱ्या दिवशी बंगळुरूत काम नसेल तर शहरात शिरूच नये. तुमकुरू रस्त्यावरून नाइस रोड धरला की थेट इलेक्ट्रॉनिक सिटीजवळ होसूर रस्त्याला लागता येते. टोल वेगळा पडतो, तो खुशाल भरावा. मुक्काम होसूर किंवा कृष्णगिरीला.

पुढे धर्मपुरी आणि सेलमच्या मध्ये तोप्पूर घाट आहे. दक्षिणेला जाताना तो उताराचा आहे. सतत ब्रेक दाबून उतरणाऱ्या अवजड ट्रकांचे ब्रेक तापून निकामी होतात, म्हणून ट्रकच्या पुढे रेंगाळू नये आणि आपणही खालच्या गिअरमध्येच उतरावे.

मदुराईचे मीनाक्षी मंदिर दुपारी बंद असते, त्यामुळे दर्शन संध्याकाळी ठेवावे. मोबाइल आत नेता येत नाही.

याच दिवसांत तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस असतो, तेव्हा प्रवासाला निघण्यापूर्वीच वायपरचे रबर बदलावे. टायरमधली हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. तापलेल्या टायरचा आकडा जास्त दिसतो. तो पाहून हवा काढली तर टायर कमी हवेवर धावतो आणि फुटण्याचा धोका वाढतो.

– एक वाचक, पुणे