इंजेक्शनआधी दोघांनाही सांगा

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतला प्रोस्टेटच्या कर्करोगावरचा लेख वाचला. पीएसए ही रक्ततपासणी, बायॉप्सी, रेडिएशन, सगळे नीट समजावले आहे. हॉर्मोनच्या इंजेक्शनला मात्र दीड ओळ, त्यातही दुष्परिणाम किरकोळ असतात म्हणून विषय संपवलेला. ते किरकोळ आमच्या घरात राहायला आहेत, म्हणून लिहिते आहे.

माझ्या यजमानांना दर तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडचे, म्हणजे टेस्टोस्टेरॉन खाली आणणारे हॉर्मोनचे इंजेक्शन असते. औषधाबद्दल तक्रार नाही. पीएसए खाली आला, पाठदुखी थांबली. हा कर्करोग टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनवर पोसतो आणि ते तोडले की आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवून दिले, त्यासाठी 1966 चे नोबेलही मिळाले. उपचार इतका जुना, तर त्याचे त्रासही डॉक्टरांना तोंडपाठ असणार. मग ते आधी का सांगत नाहीत? आम्हाला सांगितले ते एवढेच, ‘काका, थोडे गरम होईल.’

थोडे म्हणजे किती, ते ऐका. ऐन पौषात मध्यरात्री पंखा पाचवर, बनियन पिळून काढावे इतके ओले, आणि जरा वेळाने हुडहुडी भरून गोधडी हवी. पाळी जाताना मी हेच भोगले होते, म्हणून मला अंदाज आला. ह्यांना मात्र हार्ट अटॅकच वाटला आणि भर रात्री आम्ही ईसीजी काढून आलो. बायकांना निदान आई, जाऊ, शेजारीण कोणीतरी सांगून ठेवते. पुरुषांच्या कट्ट्यावर राजकारण निघते, हे नाही निघत. या घामाच्या लाटांवर गोळ्या आहेत, हे आम्हाला फार उशिरा कळले, तेही मी खोदून विचारल्यावर.

छातीही थोडी भरली आहे आणि हात लागला तरी दुखते. गणपतीच्या पूजेला आमच्याकडे यजमान उघड्या अंगाने बसतात. यंदा ह्यांनी उपरणे गळ्यापासून पोटापर्यंत घट्ट गुंडाळले आणि आरती होईपर्यंत एका हाताने धरून ठेवले. कोणी काही विचारले नाही, पण सगळ्यांनी पाहिले.

आता ज्यावर वर्तमानपत्रे गप्प बसतात ते. या इंजेक्शनने लैंगिक इच्छा जवळजवळ संपते, ताठरता जाते. माणूस चिडचिडा होतो, कोपऱ्यात जाऊन बसतो. बायकोला वाटते, आपलेच काही बिनसले. उपचार ठरला तेव्हा मला केबिनबाहेर बसवले होते. आत नवऱ्याला काय सांगितले आणि त्याने त्यातले काय ऐकले, देव जाणे. साठी-सत्तरीच्या जोडप्याला हे विचारायचे नसते, असे डॉक्टरांना वाटते की काय?

न दिसणारे त्रास आणखी वाईट. हाडे ठिसूळ होतात, दंड-मांड्या झडतात, पोट सुटते, रक्तातली साखर चढते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2010 मध्येच अशा इंजेक्शनांच्या माहितीपत्रकात मधुमेह आणि हृदयविकाराचा इशारा घालायला लावला. म्हणजे पहिल्या इंजेक्शनआधीच डेक्सा स्कॅन (हाडांच्या घनतेची तपासणी), साखर, कोलेस्टेरॉल बघून ठेवायला हवे. आमचा डेक्सा झाला तो हे न्हाणीघरात घसरून मनगट मोडल्यावर. आता कॅल्शियम, ड जीवनसत्त्व चालू आहे. हाडे बळकट ठेवणारे झोलेड्रॉनिक ॲसिड द्यायचे तर आधी दंतवैद्याला दाखवून किडक्या दातांचे उपचार करून घ्यावे लागतात, नाहीतर जबड्याचे हाड धोक्यात येते, ही आणखी एक गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही. नुसते चालून भागत नाही, वजन उचलायचा व्यायाम हवा. जिमला जायला लाज वाटते म्हणून हे सकाळी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलतात.

एक गोष्ट मात्र तातडीची. ल्युप्रोलाइड किंवा त्याच जातीचे गोसेरेलिन सुरू केल्यावर पहिले काही दिवस टेस्टोस्टेरॉन उलट वाढते, म्हणून बहुधा टेस्टोस्टेरॉनचा परिणाम अडवणाऱ्या बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या सोबत देतात. त्या चुकवू नयेत. आजार मणक्यात पसरलेला असेल आणि पाय लुळे वाटू लागले, लघवी अडली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावे. डेगारेलिक्स नावाच्या इंजेक्शनात ही सुरुवातीची उसळी येत नाही, पण ते महिन्याच्या महिन्याला घ्यावे लागते.

नातेवाईक सल्ला देतात, इंजेक्शन सोडा, अंडकोष काढायचे ऑपरेशन करून मोकळे व्हा. ते एकदाच होते आणि स्वस्तही पडते, हे खरे. पण टेस्टोस्टेरॉन त्यानेही तितकेच उतरते, त्यामुळे त्रास तेच राहतात आणि मागे फिरता येत नाही. त्रास होतो म्हणून स्वतःच्या मनाने इंजेक्शन बंद करणे तर त्याहून वाईट, आजार पुन्हा डोके वर काढतो.

युरोसर्जन मंडळींनी हे सगळे मराठीत एका कागदावर छापून पहिल्या इंजेक्शनआधी नवरा-बायको दोघांच्या हातात द्यावे. माझे मागणे एवढेच आहे. आणि संपादक महाशय, पुढच्या पुरवणीत केवळ या इंजेक्शनवर एखाद्या जाणकार डॉक्टरांकडून लेख लिहून घ्या. त्यातला नवरा-बायकोचा भाग जागेअभावी गाळू नका.

– एक वाचक, सांगली
(नाव छापू नये. घरात चालणार नाही.)