मामी, त्या रात्री फोन तुम्ही उचललात

प्रिय मामी,

साष्टांग नमस्कार.

नेत्रदानासाठी रात्री-अपरात्री धावणाऱ्या, साऱ्या गावाच्या मामांच्या शोकसभेत सगळे मामांबद्दल भरभरून बोलले. बोलायलाच हवं होतं. पण दीड तासात तुमचं नाव एकाच्याही तोंडून निघालं नाही, ते मला लागलं. म्हणून हे पत्र. उघड लिहितोय, म्हणजे त्या सभेतल्यांनाही वाचता येईल.

माझे वडील, आप्पा, गेले ते पावसाळ्यात, मध्यरात्र उलटल्यावर. 'माझे डोळे द्या' असं त्यांनी आम्हाला किती वेळा बजावलं होतं. पण द्यायचे म्हणजे कुणाला सांगायचं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. कपाटात एका मोठ्या दवाखान्याचं गुळगुळीत कार्ड सापडलं, वर डोळ्याचं चित्र, खाली नंबर. ज्याने फोन घेतला तो झोपेतच म्हणाला, "सकाळी दहानंतर करा." डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात हे मला नंतर कळलं, त्याला तरी आधी माहीत असायला हवं होतं! मग एका समाजसेवकांना लावला. चौकातून ज्यांचा फ्लेक्स बारा महिने उतरत नाही, ते. वाढदिवसाच्या शिबिरात आप्पांचा नेत्रदानाचा फॉर्म त्यांनीच भरून घेतला होता, फोटोसकट. फोन वाजून वाजून बंद पडला. एव्हाना आमचे एक पाहुणे सुरू झाले होते, "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे कोण घेतंय? आणि पुढच्या जन्मी आंधळा जन्माला येईल त्याचं काय?" आई नुसती भिंतीकडे बघत बसलेली.

शेजारच्या कांडीवाल्या मावशींनी तुमचा नंबर दिला. त्यांच्या सासूच्या वेळी मामाच आले होते.

तुम्ही दुसऱ्या रिंगलाच उचललात. कोण, किती वाजता, कशानं, एवढं विचारलंत आणि लगेच सांगायला लागलात, "पंखा बंद कर आधी. डोळे नीट मिटलेत का बघ. पापण्यांवर ओला कापूस ठेव. डोक्याखाली दोन उशा दे. हे निघालेच." मला वाटलं झालं बोलणं. तर तुम्ही म्हणालात, "आई कुठं आहे रे? तिला चहा दे. साखर जरा जास्त घाल." रात्रभरात आईची चौकशी करणाऱ्या तुम्ही पहिल्याच. घरात एवढी माणसं होती, आमच्यासकट.

रात्रीचा फोन तुमच्या उशाशी का असायचा, हे सभेतल्या किती जणांना माहीत आहे? मामांची सगळी हयात यंत्रमागावर गेली, माग दुरुस्त करणारा जॉबर म्हणून. धोटा अडकला, साचा म्हणजे माग बंद पडला की आपल्या इचलकरंजीत त्यांच्या नावाने हाक पडायची. त्या खडखडाटात कान गेले. शेजारी फोन वाजला तरी त्यांची झोप मोडत नसे. फोन ऐकायच्या तुम्ही, पत्ता लिहून घ्यायच्या तुम्ही, खांद्याला हलवून त्यांना उठवायच्या तुम्ही आणि ते स्कूटरला किक मारेपर्यंत नेत्रपेढीच्या माणसांना कळवून मोकळ्या व्हायच्याही तुम्हीच. लोक म्हणतात, मामांनी शेकडो डोळे मिळवून दिले. मामांनी म्हणजे दोघांनी.

मामा आले ते भिजूनच. चप्पल बाहेर काढली, पाय पुसले आणि आत येऊन पहिला प्रश्न विचारला, "यांना घरात काय म्हणायचे?" मी म्हटलं, आप्पा. नेत्रपेढीची माणसं मागोमाग आली, सह्या झाल्या. आप्पांचा चष्मा अजून काढलेला नव्हता. जाताना पेपर वाचत होते ना. कापूस ठेवायला आम्ही तो नुसता कपाळावर सरकवला होता, काढायला कुणाचा हात धजला नव्हता. मामा त्यांच्या कानाशी वाकले आणि जॉबरच्या त्या ठणठणीत आवाजात म्हणाले, "आप्पा, चष्मा काढतो हं." मग दोन्ही हातांनी तो अलगद काढला, शर्टाच्या टोकाला काचा पुसल्या, दांड्या मिटल्या आणि आईच्या हातात दिला. आई तेव्हा पहिल्यांदा रडली.

वीसेक मिनिटांत सगळं झालं. चेहऱ्यावर काही कळतसुद्धा नव्हतं. बाकी कागदपत्रांचं मला आता काही आठवत नाही, आणि आठवून करायचंय काय? त्या रात्री घरात जो तो 'कधी हलवायचं', 'किती वाजता उचलायचं' असं आप्पांसमोरच बोलत होता. एका परक्या माणसाने मात्र त्यांना विचारल्याशिवाय चष्म्यालासुद्धा हात लावला नाही. संस्कार संस्कार म्हणून आपण पोरांना काय काय पाठ करून घेतो. मला वाटतं, एवढं एक आलं तरी पुष्कळ झालं.

त्या पाहुण्यांनासुद्धा मामांनी तोडून टाकलं नाही. शेजारी बसवून घेतलं आणि सांगितलं की घ्यायचा तो बुबुळावरचा काचेसारखा पडदा, मोतीबिंदू होतो ते भिंग त्याच्या मागे असतं, ते बदललेलं असलं तरी बिघडत नाही. साखरेचा आजार असला तरी देता येतात. पुढच्या जन्माचं म्हणाल तर, "ते मी वर गेल्यावर विचारून सांगतो." पाहुणे हसले. मयताच्या घरात!

गोष्टी सांगण्यात तर हात धरणारा नव्हता कुणी. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदानाचा पंधरवडा. त्यात बऱ्याचदा गणपती येतात, मग मंडळामंडळातून मामांचं ठरलेलं भाषण. १९०५ सालच्या डिसेंबरात, आज चेक देशात असलेल्या ओलोमोउट्स गावात, चुना डोळ्यात उडून आंधळा झालेल्या एका मजुराला डॉक्टर एडुआर्ड त्सिर्म यांनी एका अकरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्याचा तोच काचेसारखा पडदा बसवला आणि त्याला दिसायला लागलं. माणसाचा हा पडदा माणसाला बसवून टिकल्याची ती पहिली वेळ. मामा हे असं सांगायचे की तो मजूर जणू पलीकडच्या गल्लीत राहतो. गावाचं नाव दर वर्षी वेगळं घ्यायचे, साल मात्र कधी चुकायचं नाही.

आणखी एक लिहायलाच हवं. घर वाऱ्यावर सोडून गावाची सेवा करणारे आपण पुष्कळ बघितलेत. मामा त्यातले नव्हते. पगार झाला की पाकीट आधी तुमच्या हातात. नातीला शाळेत सोडणं त्यांचंच. पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाताना जेवणाचा डबा आणि फोन एकाच पिशवीत, पिशवी तुमच्या खांद्यावर. लेकीच्या हळदीच्या रात्री फोन आला तेव्हा ते घुटमळले आणि तुम्हीच म्हणालात, "जाऊन या, हळद कुठं पळून जात नाही." हे मला खुद्द तुमच्या जावयांनी सांगितलं, जरा तक्रारीच्या सुरातच. आता तेच अभिमानाने सांगत फिरतात.

आणि मामा गेले त्या दिवशीचं. दवाखान्याच्या जिन्यात मी तुम्हाला विचारलं, "मामी, नेत्रपेढीला कळवू?" तुम्ही मान हलवलीत. "नको. रक्तात जंतू पसरले होते. असे डोळे घेत नाहीत, घेणाऱ्याला धोका असतो." दुसरं कुणी असतं तर निदान विचारून बघा म्हणालं असतं. इतकी वर्षं लोकांच्या दारात जाऊन मागितलेलं स्वतःच्या घरातून देता आलं नाही, याचं तुम्हाला काय वाटलं असेल, ते मी विचारणार नाही. सभेत एकाने मात्र ठोकून दिलं की मामांच्या डोळ्यांनी आज दोघं जग बघताहेत. टाळ्याही पडल्या. तुम्ही पहिल्या रांगेत खाली बघत होतात. खरं ते इथे लिहिलंय, कारण मामांना खोटी टाळी चालली नसती.

आता कामाचं. रात्रीचा फोन यापुढे आमच्याकडे वळवा. बायकोशी बोललोय, ती तयार आहे. पंखा, कापूस, उशा, सगळं तिला पाठ आहे. चहाचंही. मला स्कूटर चालवता येते आणि नेत्रपेढीच्या माणसांशी ओळख तुम्ही करून द्यालच. दिवसाचा फोन मात्र तुमच्याकडेच असू द्या. कारखान्यात साचे चालू असले की मलाही काही ऐकू येत नाही.

रविवारी आईला घेऊन येतो. जेवायचं काही करू नका, डबा ती आणतेय.

तुमचा,
आप्पा दिवाणजींचा थोरला