पैसे घेऊन दिलेल्या ‘अतींद्रिय’ सल्ल्याला उत्तरदायी कोण? नाशिकच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, नाशिक यांस,
सादर नमस्कार.

विषय : अतींद्रिय शक्तीच्या नावाने सशुल्क सल्ला देणाऱ्यांच्या जाहिरातींची चौकशी होणेबाबत.

महोदय,

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम १६ नुसार, अनुचित व्यापारी प्रथा आणि खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींमुळे ग्राहकवर्गाच्या हक्कांचा भंग होत असल्याची तक्रार आल्यास, आपल्या हद्दीत तिची चौकशी करून अहवाल पाठवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. टॅरोची पाने (भविष्य सांगण्याची चित्रांची कार्डे), ऑरा (माणसाभोवती असल्याचे सांगितले जाणारे तेजोवलय), ‘गेलेल्या माणसाचा निरोप’ अशा नावांखाली फोनवर आणि व्हिडिओ कॉलवर चालणाऱ्या, यूपीआयने आगाऊ पैसे घेणाऱ्या सल्लाकेंद्रांबाबत हा अधिकार वापरावा, एवढीच या पत्रातली मागणी आहे.

त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी करणाऱ्यांविषयी किंवा रामकुंडावर दशक्रियेला बसणाऱ्यांविषयी मला काहीही म्हणायचे नाही. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. माझा आक्षेप आहे तो औषध घ्यावे की नाही, सोयरीक मोडावी की नाही, प्लॉट विकावा की नाही, हे समोरच्याला ‘दिसते’ म्हणून पैसे घेऊन सांगण्याला.

सिडकोतील माझ्या परिचयाच्या एका बाईंनी पतीच्या निधनानंतर घेतलेल्या अशा एका बैठकीचे मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण मला ऐकवले. सुरुवातीलाच विचारणा झाली, “तुमच्या जवळच्यांत ‘स’ किंवा ‘श’ अक्षराचं कोणी आहे का?” संजय, सुनीता, सचिन, शोभा यांच्यापैकी एकही नसलेले मराठी घर शोधून काढायला खरोखरच अतींद्रिय शक्ती लागेल! बाईंनी नणंदेचे नाव घेतले आणि पुढची सारी बैठक नणंदेचा मत्सर आणि वाटणीचा वाद यांभोवती फिरत राहिली. मग, “त्यांच्या छातीपाशी काहीतरी जड जाणवतंय.” बाई म्हणाल्या, “नाही हो, त्यांना किडनीचा आजार होता.” क्षणाचाही विलंब न होता उत्तर आले, “तेच म्हणतेय, शेवटी भार हृदयावरच येतो ना!” जे बाई स्वतः सांगत होत्या तेच त्यांना थोड्या वेळाने परत ऐकवले जात होते, आणि चुकलेला प्रत्येक अंदाज बरोबर आल्यासारखा वळवून घेतला जात होता. एवढ्यावर थांबले असते तर फारसे बिघडले नसते. पण शेवटी सांगण्यात आले की, रक्तदाबाच्या गोळ्यांनी बाईंची ‘स्पंदने’ दबतात, तेव्हा त्या हळूहळू कमी कराव्यात. बाईंनी गोळ्या सोडल्या नाहीत, कारण त्यांची मुलगी परिचारिका आहे. प्रत्येक घरात परिचारिका नसते.

“पण मला सांगितलेलं सगळं जुळलं,” असे हा अनुभव घेतलेले लोक हमखास म्हणतात, आणि ते खोटे बोलत नसतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना, ‘तुमचे’ म्हणून, व्यक्तिमत्त्वाचे एकच वर्णन वाटले. ते किती जुळते याला विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांची सरासरी ५ पैकी ४.२६ आली. आपल्याकडे डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० पत्रिका जमवून, पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची हे ओळखण्याची ज्योतिषांची परीक्षा घेतली, तिचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांचे यश सरासरी ४६ टक्के होते, म्हणजे नाणे उडवून मिळाले असते त्याहून थोडे कमीच. ही परीक्षा ज्योतिषाची होती, अतींद्रिय दृष्टीची नव्हे, हे मान्य. परंतु ज्योतिषी निदान परीक्षेला बसले, ही मंडळी तर परीक्षेलाही बसत नाहीत. असा दावा सिद्ध करून दाखवणाऱ्यासाठी असलेले महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे २१ लाख रुपयांचे आव्हानही आजवर कोणी जिंकलेले नाही.

तक्रार ग्राहक कायद्याखालीच का, याचे कारण आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले आणि पाणाडे (जमिनीखालचे पाणी कुठे आहे ते सांगणारे) यांच्या सल्ल्याला स्पष्ट सूट दिलेली आहे, आणि कार्ड मांडून बोलणारे स्वतःला याच पंक्तीत बसवून मोकळे होतात. देवादिकांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या ताईतासारख्या यंत्रांमध्ये चमत्कारी शक्ती असल्याचे सांगणाऱ्या दूरचित्रवाणी जाहिराती मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये याच कायद्याखाली बेकायदा ठरवल्या खऱ्या; पण जिथे वस्तू विकली जात नाही, नुसते शब्द विकले जातात, तिथे पोलीस ठाण्यात ‘यात गुन्हा काय?’ असाच प्रश्न समोर येतो. ग्राहक कायद्याला मात्र शक्ती खरी की खोटी हे ठरवत बसण्याची गरज नाही. मोबदला घेतला की ती सेवा झाली, आणि सेवेविषयी केलेला दावा सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर येते.

मध्यवर्ती बसस्थानकाजवळ हाती आलेल्या एका पत्रकावर ‘१०० टक्के खात्री, २४ तासांत फरक’ असे ठळक छापले आहे. त्याच केंद्राच्या संकेतस्थळावर अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, ‘हा सल्ला केवळ मनोरंजनासाठी आहे’ असे म्हटले आहे. या दोहोंपैकी खरे कोणते, हे त्यांना लेखी विचारले गेले पाहिजे. सिंहस्थ तोंडावर आहे, लाखो परगावचे लोक शहरात येतील आणि अशा पत्रकांना तेव्हा ऊत येईल, म्हणून ही विचारणा त्याआधी व्हावी. उपचार थांबवण्याचा किंवा बदलण्याचा सल्ला देणाऱ्यांची प्रकरणे वेगळी काढून जिल्हा शल्यचिकित्सकांकडेही पाठवावीत.

पत्रकाची प्रत आणि संकेतस्थळाची छायाचित्रे तक्रार अर्जासोबत जोडली आहेत. ध्वनिमुद्रण देण्यास त्या बाई तयार आहेत, मात्र त्यांचे नाव उघड होणार नाही अशी लेखी हमी आपल्या कार्यालयाकडून आधी मिळावी, अशी त्यांची अट आहे आणि ती मला रास्त वाटते.

आपला नम्र,
एक नाशिककर ग्राहक